मालकाचं नाव

रात्रीचे पावणेदोन. वाकडमधल्या एका खाजगी पेट हॉस्पिटलच्या काउंटरवर मी फॉर्म भरतोय. पेशंटचं नाव : राणी. जात : काउंटरवरच्या मुलीने स्वतःच 'एनडी' असं लिहिलं. म्हणजे नॉन-डिस्क्रिप्ट, वर्णन करता येणार नाही अशी. साध्या मराठीत गावठी. वय : अंदाजे चार. पुढचा रकाना होता 'मालकाचं नाव' आणि तिथे माझं पेन थांबलं.

राणी माझी नव्हती. आमच्या सोसायटीच्या गेटवर राहायची. मी तिला रोज रात्री ऑफिसातून आल्यावर अंडं घालायचो, बी विंगमधल्या काकू दूधपोळी द्यायच्या आणि वॉचमन काका तिच्याशी बोलायचे. त्या रात्री पाणी सोडून परत निघालेल्या टँकरने तिला उडवलं. काकांनी इंटरकॉमवरून मला उठवलं. आम्ही दोघांनी तिला काकांच्या चादरीत गुंडाळलं आणि तिसऱ्या रिक्षावाल्याने आम्हाला घेतलं.

डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. सोनोग्राफी करून म्हणाले, पोटात रक्तस्राव आहे, कंबरेचं हाड मोडलंय, आत्ता उघडावं लागेल. डिपॉझिट वीस हजार, ते भरल्याशिवाय अ‍ॅडमिट करता येत नाही. तारीख होती सत्तावीस. माझ्या खात्यात सहा हजार चारशे रुपये होते. सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या खात्यात महिन्याच्या सत्तावीस तारखेला किती पैसे असतात याबद्दल लोकांचे गोड गैरसमज असतात, ते असोत.

"साहेब, माजं नाव लिवा," काका म्हणाले. "पैशाचं तुमी बघा."

मालक एक, पैसे देणारा दुसरा. तेव्हा मला ते वाक्य नुसतं सोयीचं वाटलं. पुढे राणी आत होती त्या चार दिवसांत आणि नंतरही बरेच महिने मी एकच गोष्ट शोधत बसलो : जनावराच्या उपचाराचे पैसे आजवर कोणी दिलेत? कुणाच्या नावावर? आणि नसले तर काय व्हायचं? डीबगिंग करताना आपण लॉग मागे मागे वाचत जातो ना, तसंच. हा लॉग मात्र पावणेचार हजार वर्षं मागे गेला.

तिथे हम्मुराबी भेटला. इसवी सनापूर्वी साधारण १७५० च्या सुमाराला या बाबिलोनच्या राजाने दगडावर कायदे कोरून घेतले, त्यात गुरांच्या वैद्याचं दरपत्रक आहे. बैलाची किंवा गाढवाची मोठी शस्त्रक्रिया केली आणि जनावर वाचलं, तर मालकाने वैद्याला एका शेकेलचा सहावा हिस्सा चांदी द्यायची. शेकेल म्हणजे साधारण आठ ग्रॅम. जनावर दगावलं, तर उलट वैद्यानेच त्याच्या किमतीचा काही हिस्सा मालकाला द्यायचा. त्याच दगडावर माणसांच्या वैद्याचेही दर आहेत : प्रतिष्ठित माणसासाठी दहा शेकेल, सामान्यासाठी पाच, गुलामासाठी दोन. थोडक्यात, फी दुखण्याच्या गंभीरपणावर ठरत नव्हती, ती रुग्णाच्या बाजारभावावर ठरत होती.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यातही हाच सूर. उपचारातल्या किंवा औषधातल्या हयगयीने घोड्याचा रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड आणि त्या चुकीने घोडा गेलाच तर त्याची किंमत. घोडा राजाचा, वैद्य राजाचा पगारी, त्यामुळे डिपॉझिटचा प्रश्नच नव्हता. भीती होती ती फक्त वैद्याला.

अशोकाचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात, जो गिरनारला नीट वाचता येतो, दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचं म्हटलंय : माणसांची आणि पशूंची. औषधी वनस्पती नव्हत्या तिथे लावल्या, विहिरी खोदल्या. यावरून 'अशोकाने जगातली पहिली जनावरांची हॉस्पिटलं काढली' असे मेसेज फिरतात. लेखात हॉस्पिटल हा शब्द नाही, चिकित्सा आहे. (नालासोपाऱ्याला अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडले, पण ते आठव्या आणि नवव्या लेखाचे. हा दुसरा लेख आपल्या वाट्याला आला नाही.) तरी एक गोष्ट त्यात खरंच नवी आहे. तिथे मालकाचा उल्लेखच नाही.

आता एकदम मुंबईत येऊ. राणीच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट १८३२ सालची आहे आणि ती रस्त्यावरच्या कुत्र्यांचीच आहे.

कंपनी सरकारचा हुकूम होता की वर्षातल्या ठराविक उन्हाळी दिवसांत मोकाट कुत्री मारायची. मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. पीस-रेटवर काम दिलं की काय होतं हे ज्याने कधी 'टिकेट क्लोजर'वर बोनस मिळवलाय त्याला सांगायला नको. माणसं मोकाट आणि पाळीव असा फरक करेनाशी झाली, घरात शिरून कुत्री ओढून नेऊ लागली. जून १८३२ मध्ये हे पारशांच्या एका पवित्र दिवशी घडलं. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीतही त्याचं स्थान आहे. फोर्टमध्ये दंगल पेटली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. जैन, हिंदू, मुसलमान व्यापारीही त्यात उतरले. सैन्याकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी सरकारने फौज आणून धरपकड केली. 'बॉम्बे डॉग रायट्स' या नावाने हे प्रकरण इतिहासात आहे.

मला जास्त रस आहे तो त्यानंतरच्या दोन वर्षांत. कुत्री मारायची नाहीत, तर मग ठेवायची कुठे आणि पोसायची कोणी? १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. भुलेश्वरच्या गर्दीत ती अजून आहे. आज तिथे गुरं दिसतात, पण सुरुवात कुत्र्यांच्या निमित्ताने झाली होती.

आणि पैसा? तो मोठ्या देणग्यांतून आला, पण नुसत्या देणग्यांवर अशी संस्था चालत नाही. पश्चिम भारतातल्या पांजरपोळींची जुनी पद्धत होती 'लागा'. व्यापाऱ्यांनी आपणहून स्वतःवर बसवलेली पट्टी. मालाच्या प्रत्येक सौद्यामागे इतका लहानसा अंश पांजरपोळीला. मुंबईतही कापसासारख्या मालाच्या व्यापारावर अशी पट्टी घेतली गेली. सौदा करणाऱ्याला ती जाणवायचीही नाही, कारण ती भावातच मुरलेली असायची. सरकारने लावलेला कर नव्हता, पण बाजारात राहायचं तर टाळताही येत नसे. मी अ‍ॅपवर बिर्याणी मागवतो तेव्हा 'दोन रुपये दान करा' असा चौकोन येतो, त्याचा हा खापरपणजोबा. फरक इतकाच की तिथे टिक काढायची सोय नव्हती.

पांजरपोळीची एक मर्यादाही होती आणि ती सांगितली पाहिजे. तिथे आसरा होता, चारा होता, मरेपर्यंत सांभाळ होता. उपचार फारसे नव्हते. दया आणि वैद्यक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या रात्रीच कळलं होतं. ग्रुपवर दया भरपूर होती.

वैद्यक आलं ते घोड्यांच्या पाठीवरून. १७९१ मध्ये लंडनला पशुवैद्यकीय कॉलेज निघालं, तिथे वर्षाला दोन गिनी वर्गणी भरणाऱ्याच्या घोड्यांवर उपचार व्हायचे. म्हणजे आपल्या भाषेत सबस्क्रिप्शन. आजारी पडायच्या आधी पैसे भरा. हे घोडेवाल्या लोकांना परवडायचं, कारण घोडा कमावता होता. मुंबईत १८७४ च्या मे महिन्यात घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीकडे नऊशे घोडे होते. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी मुंबईची संस्था, एसपीसीए, तीही १८७४ चीच. हा निव्वळ योगायोग असेल, पण त्या काळच्या रस्त्यावर जखमी पाठीचे बैल, लंगडे घोडे किती दिसत असतील याचा अंदाज येतो.

१८८० च्या दशकात गिरणीमालक सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या मदतीने परळला जनावरांचं हॉस्पिटल झालं, त्यांच्या पत्नीच्या नावाने : बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, जे. एच. स्टील त्याचे पहिले प्राचार्य. पुढे या भागात केईएम, वाडिया, टाटा मेमोरियल आली. माणसांच्या हॉस्पिटलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या परळमध्ये बैलांचं हॉस्पिटल त्यांच्या आधीचं आहे.

या हॉस्पिटलात येणारी बरीच जनावरं मालक घेऊन येत नसे, कायदा घेऊन येई. गाडीला जुंपलेला बैल जखमी दिसला की गाडीवानाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं आणि बैल दवाखान्यात. मग प्रश्न तोच. खर्च कोणाचा? याचं उत्तर आजच्या कायद्यातही आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, जो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून आला, त्याचं कलम ३५ काढून वाचा. जनावर इन्फर्मरीत ठेवलं तर ने-आण, चारा आणि उपचार यांचा खर्च मालकाने द्यायचा, जिल्हा दंडाधिकाऱ्याने ठरवलेल्या दराने. नाही दिला तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येतो. मालक जनावर न्यायला आलाच नाही, तर ते विकता येतं.

आणि त्याच कलमात एक छोटं वाक्य आहे. मालकाच्या गरिबीमुळे मॅजिस्ट्रेटने तसा आदेश दिला, तर उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत.

मी ते तीनदा वाचलं. ज्याच्यावर क्रौर्याचा खटला आहे त्याच्याही खिशाचा विचार कायदा लिहिणाऱ्याने केला होता. गाडीवान बैलाला मारतो कारण तो दुष्ट आहे असंच दर वेळी नसतं. बैल बसला तर आजची भाकरी बसते. अर्थात ही सवलत अशा इन्फर्मरीपुरती. वाकडच्या काउंटरवर तिचा उपयोग शून्य.

माझ्या गावाकडचा, वाळवा तालुक्यातला हिशेब आणखी वेगळा होता. आजीची म्हैस रात्री अडली की 'ढोर डॉक्टर'ला सांगावा जायचा. ते मोटरसायकलवर यायचे, कोपरापर्यंत हात घालून रेडकू बाहेर काढायचे, चहा प्यायचे, जायचे. पैसे कधी? उसाचं बिल आलं की. नाहीतर डेअरीच्या पंधरवड्याच्या दूध बिलातून कापून. डॉक्टरांच्या खिशात एक डायरी असायची आणि गावातला प्रत्येक गोठा तिच्यात उधारीवर होता. ही उधारी चालायची कारण म्हैस हीच तारण होती. उद्या ती दूध देणार, दुधाचे पैसे डेअरीत येणार, डेअरी डॉक्टरला ओळखते. मी गोड आठवण काढतोय असं वाटेल म्हणून दुसरी बाजूही सांगतो. औषधाचा खर्च म्हशीच्या किमतीला भिडायला लागला की आजोबा सरळ हिशेब बंद करायचे आणि म्हैस बाजार बघायची. आजी दोन दिवस जेवायची नाही. तिसऱ्या दिवशी जेवायची.

गुरांचा विमाही याच हिशेबाचा आहे. कानात बिल्ला मारतात, जनावर मेलं तर पैसे मिळतात. उपचाराला सहसा मिळत नाहीत.

कुत्र्याचं मात्र या सगळ्या व्यवस्थेत बसतच नाही. ते दूध देत नाही, नांगर ओढत नाही, तारण म्हणून चालत नाही. विसाव्या शतकात मोटारींनी घोडे हटवले, शहरातल्या पशुवैद्याच्या टेबलावर घोड्याच्या जागी कुत्रं आलं आणि फीची जुनी वरची मर्यादा, म्हणजे जनावराची किंमत, गळून पडली. राणीची बाजारातली किंमत शून्य. ऑपरेशनचा खर्च तीस हजार. हम्मुराबीने, आजोबांनी आणि कुठल्याही शहाण्या हिशेबनिसाने इथे 'नको' म्हटलं असतं. मग मर्यादा ठरवतं काय? समोरच्याचा खिसा आणि त्याचा जीव किती अडकलाय ते. पशुवैद्यांच्या जगात याला शब्द आहे : आर्थिक कारणाने दिलेलं दयामरण. बरं होऊ शकणारं जनावर, पैसे नाहीत म्हणून इंजेक्शन.

हे एका बाईने शंभर वर्षांपूर्वी पाहिलं होतं. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, मारिया डिकिनने लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीतल्या एका तळघरात मोफत दवाखाना उघडला. गरिबांची कुत्री, मांजरं, गाढवं, फेरीवाल्यांचे घोडे. दारात इतकी गर्दी की आवरेना. पुढे घोडागाडीतला फिरता दवाखाना आला. याच संस्थेला आज पीडीएसए म्हणतात. चिडले ते पशुवैद्य. पदवी नसलेली माणसं उपचार करतात, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो चूक नव्हता. पण पदवीधरांची फी त्या वस्तीत कोणाला परवडत नव्हती, हेही चूक नव्हतं. भांडण वीस-पंचवीस वर्षं चाललं. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये पशुवैद्यांचा नवा कायदा झाला. त्याच साली तिथे माणसांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. म्हातारीचा दमा सरकारच्या अंगावर गेला, तिच्या मांजराचा दमा तिच्याच.

स्वीडनने दुसरा रस्ता धरला. तिथे १९२४ मध्येच कुत्र्याची पहिली विमा पॉलिसी निघाली आणि आज तिथली बहुसंख्य कुत्री विम्याखाली आहेत. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत पाळीव कुत्र्यांच्या पॉलिसी आल्यात. प्रपोजल फॉर्मवर पहिला रकाना कसला असतो ते तुम्ही ओळखलं असेल.

त्या रात्री मी डॉक्टरांवर मनातल्या मनात खूप चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी राणीला सलाईन चालू असताना ते बाहेर आले, शेजारी बसले आणि न विचारता बोलू लागले. सोनोग्राफी मशिनचा हप्ता, रात्रपाळीच्या दोन माणसांचे पगार, भाडं. लोक रात्री रडत येतात, 'डॉक्टर, काहीही करा, पैशाची काळजी नको' म्हणतात. सकाळी फोन बंद. मागे पिंजऱ्यात एक लॅब्रेडॉर होता, दीड महिना झाला, मालक न्यायलाच आला नव्हता. "डिपॉझिट नाही घेतलं तर मी सहा महिन्यांत बंद होतो," ते म्हणाले. "आणि सरकारी दवाखाना रात्री दोनला उघडा असता तर तुम्ही माझ्याकडे आलाच नसता."

खरं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, केसपेपरची फी नाममात्र असते, १९६२ नंबरवर फोन केला तर फिरतं पथकही येतं. पण ही सगळी व्यवस्था उभी राहिली ती गोठ्यासाठी, दिवसाच्या वेळांसाठी. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं चोवीस तासांचं हॉस्पिटल सुरू झालं. रतन टाटांनी स्वतःच्या कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटाला नेलं होतं आणि उशीर झाला होता, तो अनुभव त्यामागे होता असं त्यांनी सांगितलं होतं. पेटिटांपासून टाटांपर्यंत एकशे चाळीस वर्षं. मधल्या काळात आपण शहर म्हणून काय उभं केलं, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. मी कर भरतो आणि अंडी घालतो, बस.

वीस हजार कसे जमले ते सांगायचं राहिलं. क्रेडिट कार्डवर बारा हजार निघाले, त्याहून जास्त लिमिट नव्हतं. रूममेटने झोपेतच पाच हजार पाठवले. सोसायटीच्या ग्रुपवर मी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मेसेज टाकला. एकोणतीस लोकांनी वाचला, सात जोडलेले हात आले, एकाने विचारलं की तिला रेबीजची लस दिली होती का. बी विंगच्या काकूंनी दोन हजार पाठवले आणि 'घरी सांगू नका' असं लिहिलं. काकांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पाचशेची घडी घातलेली नोट काढून काउंटरवर ठेवली. उरलेले पाचशे मी माझ्या खात्यातून भरले. एकूण बिल झालं एकतीस हजार दोनशे. बाकीचे अकरा हजार दोनशे डॉक्टरांनी पगार होईपर्यंत थांबून घेतले. एका वहीत लिहून ठेवले होते त्यांनी, कॉम्प्युटरवर नाही.

राणी वाचली. मागचा डावा पाय थोडा ओढत चालते, टँकरचा आवाज आला की जिन्याखाली जाऊन बसते.

फाईलवर मालकाचं नाव अजून काकांचंच आहे, मोबाईल नंबरही त्यांचाच. मागच्या वर्षी एजन्सीने त्यांची बदली खराडीला केली. हॉस्पिटलकडून लसीच्या तारखेचा मेसेज त्यांनाच जातो. तो इंग्रजीत असतो. ते मला फोन करतात, "साहेब, आपल्या राणीचं कायतरी आलंय बघा," आणि मग फॉरवर्ड करतात.